ऑलमन ब्रदर्स 1971 साली संपले नाहीत

नमस्कार,

ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन रॉक बँडवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 29 ऑक्टोबर 1971 रोजी बँडचा संस्थापक गिटारवादक ड्वेन ऑलमन मोटरसायकल अपघातात गेला आणि त्याच दिवशी हा बँड संपला. पुढची चाळीसेक वर्षं म्हणजे मुख्य गवई गेल्यावर साथीदारांनी त्याच्या नावावर मैफली लावण्याचा प्रकार, त्यावर मी अर्धा लेख खर्च करायला नको होता. शिवाय गोऱ्या पोरांनी काळ्या कलावंतांचं संगीत उचलून पैसा केला याबद्दल लेखात अवाक्षर नाही, आणि वीस-वीस मिनिटांच्या वादनाला मी नसती थोरवी दिली आहे.

पहिल्या मुद्द्यावर सविस्तर लिहितो, कारण तो मला अजिबात मान्य नाही.

ड्वेनच्या थोरवीबद्दल आपल्यात वाद नाही. बँड उभा राहण्याआधीच अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत त्याच्या गिटारीचा बोलबाला झाला होता. सोल गायक विल्सन पिकेटने 1968 साली बीटल्सचं ‘हे ज्यूड’ गायलं, त्याच्या शेवटच्या भागातली ड्वेनची गिटार ऐकून खुद्द एरिक क्लॅप्टन हा नामवंत इंग्रज गिटारवादक चकित झाला होता. बोटात सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली घालून, ती तारांवरून सरकवत तो स्लाइड वाजवायचा आणि ती गिटार माणसासारखी गायची. गेला तेव्हा पंचविसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता.

पण ‘साथीदार’ हा शब्द इथे लागू होत नाही. मार्च 1969 मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये ड्वेनने माणसं जमवली, तेव्हा त्याला एकट्याच्या गिटारीमागे वाजवणारे लोक नकोच होते. त्याने मुद्दाम दुसरा लीड गिटारवादक घेतला, डिकी बेट्स. मुद्दाम दोन ड्रमर घेतले, बुच ट्रक्स आणि जेमो. बेरी ओकलीचा बास नुसता पाया धरत नसे, तिसऱ्या गिटारीसारखा सुरांच्या मध्ये शिरत असे. गाणं आणि ऑर्गन धाकट्या भावाकडे, ग्रेगकडे. ‘व्हिपिंग पोस्ट’, ‘ड्रीम्स’ ही गाणी ग्रेगची, ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ बेट्सची. म्हणजे ड्वेन हयात असतानाच बँडच्या वादनाचा मोठा भाग इतरांनी रचलेल्या चिजांवर उभा होता. ड्वेनचं कर्तृत्व त्याच्या सोलोंइतकंच या बांधणीत आहे. तो गेल्यावर ती बांधणी टिकली, यात मला त्याचा गौरवच दिसतो.

आता 1972 पाहा. ड्वेनच्या जागी नवा गिटारवादक सहज आणता आला असता. बँडने तो आणला नाही. काही महिने बेट्स एकट्यानेच गिटार सांभाळत होता, ड्वेनच्या स्लाइडचे भागही तोच वाजवत होता. मग चक लव्हेल हा जेमतेम विशीचा पियानोवादक आला. दोन गिटारींच्या संवादातली एक बाजू आता पियानोकडे गेली आणि बँडचा आवाजच बदलला. त्यातच 11 नोव्हेंबर 1972 रोजी ओकलीही मोटरसायकल अपघातात गेला, बँडचं गाव असलेल्या, जॉर्जियातल्या मेकनमध्येच, ड्वेनच्या अपघाताच्या जागेपासून दोन-तीन चौक अंतरावर. त्याचंही वय चोवीसच. दोघांच्या कबरी तिथल्या रोझ हिल स्मशानभूमीत शेजारी शेजारी आहेत.

वर्षभराच्या अंतराने असे दोन घाव बसलेल्या लोकांनी ऑगस्ट 1973 मध्ये ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’ काढला. तो अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होता, त्यातलं ‘रॅम्बलिन मॅन’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. क्रमांक बाजूला ठेवू, ‘जेसिका’ घ्या. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोनच बोटं धड चालत, म्हणून दोन बोटांनी वाजवता येईल अशी धून बेट्सला करायची होती. तीतून ही सात-साडेसात मिनिटांची रचना झाली. लव्हेलचा पियानो त्यात ज्या आनंदाने पळतो, तो आनंद ड्वेनच्या काळातल्या कुठल्याही ध्वनिमुद्रणाची नक्कल नाही. नुसत्या नावावर जगणारा बँड हे करत नाही, तो जुनंच पुन्हा वाजवत बसतो. त्याच उन्हाळ्यात, 28 जुलैला, वॉटकिन्स ग्लेनच्या मोटार शर्यतीच्या मैदानावर ‘ग्रेटफुल डेड’ आणि ‘द बँड’ या दोन बँडांसह ऑलमन ब्रदर्स वाजवत होते, तेव्हा समोर सहा लाखांच्या आसपास माणसं होती.

तुमचा मुद्दा एका काळाला मात्र पुरेपूर लागू होतो. 1976 साली ड्रग्जच्या खटल्यात ग्रेगने बँडच्याच एका कर्मचाऱ्याविरुद्ध साक्ष दिली आणि बँड फुटला. 1978 साली पुन्हा जमले, पण 1980 आणि 1981 चे अल्बम निर्जीव आहेत. त्या काळातल्या फॅशनचा वास त्यांना येतो, आणि 1982 मध्ये त्यांनी स्वतःहून दुकान बंद केलं हे बरंच झालं. माझ्या लेखात त्या वर्षांना दोन ओळी मिळाल्या, तेवढ्या पुष्कळ आहेत.

पण 1989 मध्ये पुन्हा उभा राहिलेला बँड त्यावरून तोलू नका. गिटारवर वॉरन हेन्स आला, बासवर ॲलन वूडी आला आणि 1990 च्या ‘सेव्हन टर्न्स’मध्ये दोन गिटारींचा जुना संवाद पुन्हा सुरू झाला. हेन्सचा आवाज, त्याची गाणी, त्याचा जाड, खरखरीत स्लाइड हे सगळं त्याचं स्वतःचं आहे. न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये दर मार्चला ओळीने अनेक रात्री वाजवायचा रिवाज पडला, आणि तिथे रोजची यादी वेगळी असे. 2000 साली बेट्सला बाहेर काढलं गेलं आणि तो परत कधी आला नाही. मला ही या इतिहासातली सगळ्यात दुःखद गोष्ट वाटते, दोन्ही मृत्यूंनंतरची. ज्या माणसाने 1972 मध्ये बँड खांद्यावर घेतला, त्याला 2014 च्या निरोपाच्या मैफलीत जागा नव्हती.

तरीही गिटारवादक डेरेक ट्रक्सबद्दल बोलायलाच हवं. बुचचा पुतण्या, 1999 साली विशीत बँडमध्ये आला. तो ड्वेनच्या वादनावर वाढला, पण अली अकबर खाँ यांचं सरोद आणि नुसरत फतेह अली खाँ यांचं गाणंही त्याने जीव लावून ऐकलं होतं. आपल्यासारख्या मींड ऐकत वाढलेल्या कानांना त्याच्या स्लाइडमधलं सुरावरून सुरावर जाणं लगेच ओळखीचं वाटतं. तो गिटारीच्या पडद्यांवर थांबत नाही, दोन सुरांच्या मधली जागा गातो. ड्वेन तिथे पोचला असता की नाही, सांगता येणार नाही. पण ड्वेनच्या रिकाम्या जागेवर बसून वेगळंच काही वाजवायची मोकळीक या बँडने त्या मुलाला दिली, हे मी 2014 पर्यंतचा इतिहास लिहिण्याचं कारण आहे.

काळ्या संगीताबद्दल. अमेरिकन संगीतधंद्यावरचा तुमचा राग रास्त आहे. काळा ब्लूज गायक ब्लाइंड विली मॅक्टेलने ‘स्टेट्सबरो ब्लूज’ 1928 मध्ये मुद्रित केलं आणि 1959 मध्ये तो मेकनपासून तासाभराच्या वाटेवर मिलेजव्हिलमध्ये विपन्नावस्थेत गेला. बारा वर्षांनी तेच गाणं ऑलमन ब्रदर्सच्या ‘ॲट फिलमोर ईस्ट’ या मैफलीतल्या अल्बमची सुरुवात झालं. ही विषमता खरी आहे. पण ‘गोऱ्या पोरांचा बँड’ हे वर्णन चूक आहे. जेमो हा मिसिसिपीचा काळा ड्रमर, ऑलमन ब्रदर्सच्या आधी सोल गायक ओटिस रेडिंगबरोबर वाजवलेला, पहिल्या दिवसापासून बँडमध्ये होता. जॅझवादक कोल्ट्रेन आणि माइल्स डेव्हिसच्या तबकड्या बाकीच्यांना त्याने ऐकवल्या. 1969 च्या जॉर्जियात असा मिश्र बँड घेऊन एकत्र राहणं, एकत्र फिरणं, एकाच टेबलावर जेवणं याला तेव्हा धैर्य लागत होतं. ओकलीनंतर आलेला बासवादक लमार विल्यम्स जेमोचा लहानपणापासूनचा मित्र, तोही काळा. पुढे 1997 पासून शेवटपर्यंत बास वाजवणारा ओटील बर्ब्रिजही. आज मूळ सहांपैकी जेमो एकटाच हयात आहे.

लांबीबद्दल एवढंच. फिलमोरची ‘व्हिपिंग पोस्ट’ तेवीस मिनिटांची आहे, पण ती सुरू होते ओकलीच्या अकरा मात्रांच्या आवर्तनाने, आणि कितीही लांब गेली तरी समेवर कधी यायचं हे सहाही जणांना पक्कं ठाऊक आहे. मार्च 1971 च्या त्या मैफलींनंतर रात्री बँड आणि निर्माता टॉम डाऊड टेप ऐकत बसायचे, कुठली चीज जमली नाही ते ठरवायचे आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वाजवायचे. भरकटणारे लोक असं काम करत नाहीत.

एक विनंती आहे. 2003 चा ‘हिटिन द नोट’ ऐका, त्यातही ‘डेस्डेमोना’ आणि बारा मिनिटांची ‘इन्स्ट्रुमेंटल इलनेस’. हा त्यांचा बेट्सशिवायचा एकमेव स्टुडिओ अल्बम आणि एकूणातलाही शेवटचा. तो ऐकूनही बँड 1971 मध्येच संपला असं वाटलं तर जरूर लिहा. फक्त 1971 नंतरची कोणकोणती ध्वनिमुद्रणं ऐकून ते मत झालं, तेही सोबत लिहा, म्हणजे पुढची चर्चा त्या सुरांवर करता येईल.