तापानंतर बुबुळाची नस मरते?

निपाणी-खानापूर-बेळगाव पट्ट्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर असा: ‘ताप-खोकला होऊन गेला की बुबुळाची नस मरते. कापूस लावून बघा, टोचलं नाही तर नस गेली. रात्री मधाचा थेंब घाला, नस जागी होते.’

‘नस मरते.’ पडशानंतर डोळे चुरचुरतात, पाणी येतं. नस मेली असती तर चुरचुरलंच नसतं! त्यात सर्दीवरच्या सेट्रिझिनसारख्या गोळ्यांनी अश्रू आटतात. मजकुरात थोडं तथ्य आहे, ते इथे: कोविडनंतर त्रास रेंगाळलेल्या काही रुग्णांत कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली (डोळ्यातले बारीक तंतूही दाखवणारा सूक्ष्मदर्शक) कॉर्नियातले, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातले, बारीक मज्जातंतू विरळ दिसले. पण तंतू विरळ दिसले म्हणजे स्पर्श कळेनासा झाला, असं होत नाही. संवेदना खरोखर घालवणारा विषाणू बहुधा नागिणीच्या जातीचा, हर्पिस. तो चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेच्या गाठीत दबा धरून बसतो आणि कधी तापाच्या निमित्ताने उठतो. बुबुळावर फांद्यांसारखी जखम होते, बहुतेकदा एकाच डोळ्यात.

‘कापूस लावून बघा.’ तपासणी खरी, पण घरची नव्हे. डॉक्टर निर्जंतुक कापसाचं टोक पिळून बारीक करतात, रुग्णाला समोर बघायला लावतात आणि बाजूने, नजरेत न येता, बुबुळाला टेकवतात. मग दुसऱ्या डोळ्याशी ताडून बघतात. घरी हात दिसतो किंवा पापणीच्या केसाला लागतो, की डोळा आपसूक मिटतो. पांढऱ्या भागाला लागलं तर स्पर्श मुळातच कमी कळतो. दोन्हीकडून निकाल खोटा. ही तपासणी डोळा बधिर करणाऱ्या थेंबाआधी व्हायला हवी. नेमकं माप हवं तर कोशे-बोने यंत्रातला नायलॉनचा धागा बुबुळाला टेकवतात आणि स्पर्श कळेपर्यंत 60 मिलिमीटरपासून 5-5 ने आखूड करत नेतात. आखूड धागा ताठ, म्हणून दाब जास्त.

‘मध घाला.’ मुळीच नको. बरणीतला मध निर्जंतुक नसतो. आणि संवेदना खरंच गेली असेल, तर जखम चिघळली तरी दुखत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टिरॉइडचे थेंब याहून वाईट: हर्पिसची जखम त्याने पसरते.

तंबाखूच्या वखारीतली धूळ किंवा गुऱ्हाळाचा धूर दोन्ही डोळ्यांना झोंबतो. पण एकच डोळा लाल, दिसायला धूसर, उजेड सोसवत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका, किंवा डोळा लालभडक पण दुखणं नाही, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. तिथे फ्लुरोसिन या रंगाची कागदी पट्टी लावून निळ्या उजेडात जखम हिरवी चमकते.