पऱ्हाटीवर कॉस्टिक ओतून गॅस तिप्पट होत नाही

"कॉस्टिकचं पोतं कुठं भेटते वं?" यवतमाळहून काकांचा फोन आला, तेव्हा मला पुढचं सगळं कळलं. त्यांच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय: रोज पोतंभर पऱ्हाटी (कापूस वेचून उरलेली वाळकी झाडं) पाच किलो कॉस्टिक सोड्यात रात्रभर भिजवा, न धुता गोबरगॅसच्या टाकीत ओता, शेण बंद करा, गॅस तिप्पट, स्लरी म्हणजे अव्वल खत. आणि शेवटी, हात चुरचुरले तर लिंबू चोळा.

या लिंबाने माझं डोकं फिरलं. कॉस्टिक कातडी जाळतं, डोळ्यात उडालं तर दृष्टी जाऊ शकते. भाजलेल्या जागी लिंबू चोळत बसायचं नसतं. वाहत्या पाण्याखाली धरायचं, बराच वेळ, आणि दवाखाना गाठायचा. मेसेजमध्ये कुठलंही भांडं चालेल असंही आहे. अॅल्युमिनियमच्या घमेल्यात हे कालवलं तर ते तापतं आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटतो.

आता जे खरं आहे ते मान्य करते. पऱ्हाटी म्हणजे लाकूडच. तिच्यातलं सेल्युलोज, ज्याचा गॅस होतो ते, लिग्निन नावाच्या चिवट द्रव्याने जखडलेलं असतं आणि बिनहवेच्या टाकीतल्या जिवाणूंना लिग्निन फोडता येत नाही. कॉस्टिकने ती पकड सैल होते, गॅस वाढतो, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण तिथे सोडा मोजून घालतात, नंतर माल धुतात किंवा सामू (pH) सातच्या आसपास आणतात. मेसेजने नेमकं तेवढंच गाळलंय. शिवाय ती वाढ मोजतात ती कच्च्या पऱ्हाटीच्या तुलनेत, शेणाच्या नाही.

काकांच्या टाकीचाच हिशोब घ्या. दोन घनमीटरचा प्लांट, रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी, 40 दिवसांचा मुक्काम, म्हणजे आत साधारण 4000 लिटर काला. पाच किलो कॉस्टिकमध्ये जवळपास 2.9 किलो सोडियम असतं. रोज ओतत राहिलात तर पाच-सहा दिवसांत लिटरमागे साडेतीन ग्रॅम होतं, दोन आठवड्यांत आठच्या वर. पेरी मॅकार्टी या अमेरिकी अभियंत्याने 1964 मध्येच लिहून ठेवलंय: 3.5 ते 5.5 ग्रॅमला मिथेन करणारे जिवाणू मंदावतात, 8 ग्रॅमला जबर मार बसतो. सामू चढतो तो वेगळाच. तिप्पट राहिलं बाजूला, आहे तो गॅसही जाईल.

शेण बंद करा म्हणे! जिवाणू येतात शेणातून, नत्रही. पऱ्हाटीत कर्बच कर्ब, नत्र नावाला. वर तिचे तुकडे तरंगून साय धरतात आणि वाट तुंबते.

खताचं तर बोलूच नका. सोडियमची स्लरी वर्षानुवर्षं काळ्या रानात सोडली की जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही. टाकी उपसून पुन्हा भरता येते, चोपण रान सुधारायला जिप्सम आणि काही वर्षं लागतात.

पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नये, हे मात्र बरोबर. गुलाबी बोंडअळी त्यातच दडून राहते. काकांना म्हटलं, श्रेडरने बारीक करा, शेणकाला शिंपडून कंपोस्टला लावा. हवा असलेल्या ढिगात बुरशी लिग्निन खाते, टाकीत ती जगत नाही. टाकीला शेणच घाला. काका म्हणाले, "पोतं सांगून ठेवलं होतं, नको म्हणतो."