लिंबातली नोट

माझी पाचशेची नोट अजून पंख्याखाली वाळतेय आणि घरभर सरबताचा वास सुटलाय. सकाळी दूधवाल्याला द्यायला गेलो, तर त्यानं ती दोन बोटांत धरून हुंगली आणि म्हणाला, "साहेब, गूगल पेच करा."

शनिवारी आमच्या भांडुपच्या सोसायटीत गणपतीनिमित्त जादूचे प्रयोग होते. पोरं सतरंजीवर, मोठे खुर्च्यांवर, आणि माझ्या शेजारी बी विंगचे आजोबा. जादूगारानं नुसता रुमाल झटकला.

"बाहीत आहे," आजोबा म्हणाले.

"अजून काही केलंच नाही हो त्यानं."

"करणार. बाहीतूनच करणार."

रुमालाचं कबूतर झालं. "चोरखिसा!" पत्ता गायब झाला. "पंजात दाबला, पंजा बघा!" आणि हे काही माझ्या कानात नाही, माइक नसताना माइकवाल्यापेक्षा मोठ्यानं. मग मला गिरगावातल्या चाळीची गोष्ट. तिथं एक जण तोंडातून ब्लेडं काढायचा म्हणे, आणि तो कसा काढतो ते त्याची बायको रोज नळावर सांगायची.

"पुढं काय झालं त्याचं?"

"काय व्हायचंय! बेस्टमध्ये लागला."

अहो, जादू बघायला जायचं ते फसायलाच ना? १९५६ साली जादूगार पी. सी. सरकारांनी बीबीसीवर मुलीला करवतीनं कापलं, तेवढ्यात वेळ संपली आणि कार्यक्रम बंद झाला. मुलगी मेली म्हणून लोकांनी फोन करकरून लाइनी जाम केल्या. याला म्हणतात प्रेक्षक! तिथं आजोबा असते तर "पेटीत जागा असते हो" म्हणून झोपायला गेले असते.

तर, जादूगारानं पाचशेची नोट मागितली. सगळी सोसायटी एकदम मोबाइलमध्ये बघायला लागली. मी दिली. सही करून दिली.

"डाव्या हातात!" आजोबा उठून उभेच राहिले. "डावा बघा, डावा!"

सगळ्या माना डावीकडे. माझीही. उजव्या हातानं त्या वेळात लिंबूच काय, टेबलाखालचं कलिंगड भरून घेतलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पगार देऊन असा साहाय्यक मिळायचा नाही. मला राहवेना. मी वळून म्हटलं, "शूऽऽ!"

आणि जादूगार थांबला. माझ्याकडे बघून हात जोडून म्हणाला, "काका, मुलांना बघू द्या ना जरा."

काका! मी बेचाळीसचा आहे. सतरंजीवरच्या सगळ्या पोरांनी वळून पाहिलं. माझ्या भाचीनं तोंड ओंजळीत लपवलं. आणि आजोबा मान डोलावत म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

लिंबू कापलं, आतून माझी सही निघाली, टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत, त्याचं आता वाईट वाटतं. कारण नंतर अध्यक्षांनी भाषणात अभिमानानं सांगितलं की पाच हजार मागत होता, साडेतीनवर आणला. तेही टाळ्या घेऊन गेले. तो बिचारा मागं पिंजऱ्यात कबूतर कोंबत होता.

रात्री लिफ्टमध्ये आजोबा भेटले. बराच वेळ माझ्याकडे निरखून बघत होते. तिसऱ्या मजल्यावर हळूच विचारलं, "नोट तुमचीच होती ना?"

"हो."

"सहीपण तुमचीच?"

"हो, आजोबा."

"तरीच!" दार उघडता उघडता ते म्हणाले. "मी तेव्हाच ओळखलं, जमुरा तुम्हीच. किती दिले त्यानं?"