मुख्य आवाज लेकीचा

दिवाळी पहाटेला एका नामवंत गायिकेने लेकीला शेजारी बसवून गाऊन घेतलं, आणि आमच्या मिरजेच्या घरात त्यावरून अजून धुसफूस चालू आहे. दादाचं म्हणणं एकच : "आई नसती तर या पोरीला कोणी मंचावर चढू दिलं असतं? राजकारणात घराणेशाही, आता गाण्यातही." फोन ठेवल्यावरही मी चिडलेलीच होते. पुढाऱ्यांचा राग गाणाऱ्या लेकीवर काढायचा?

मी अमेरिकेत टेनेसीतल्या फ्रँकलिनला राहते, कंट्री संगीताचं माहेर असलेल्या नॅशव्हिलपासून आय-६५ महामार्गाने अर्ध्या तासावर. पुढे लेकीबरोबर गाऊन गाजलेली गायिका नेओमी जड (Judd) आधी इथल्याच इस्पितळात नर्स होती. केंटकीतल्या अ‍ॅशलंडची, अठराव्या वर्षी आई झालेली, नवऱ्यापासून वेगळी होऊन दोन मुली वाढवणारी. थोरली वायनोना आणि ती घरी एकत्र गात. ब्रेंट माहेर या निर्मात्याची मुलगी अपघातानंतर त्या इस्पितळात होती. तिची शुश्रूषा करता करता ओळख झाली आणि नेओमीने घरी भरलेली कॅसेट त्याच्या हातात ठेवली. १९८३ मध्ये मायलेकी आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या अधिकाऱ्यांसमोर बसून गायल्या आणि करार झाला. पुढच्याच वर्षी 'द जड्स' या नावाने गाणाऱ्या या जोडीचं गाणं कंट्री संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं. पुढे अशी १४ गाणी पहिली आली, ५ ग्रॅमी मिळाली.

दादा म्हणेल, ती आई कुठे नामवंत होती? मान्य. पण १९९१चं बघा. नेओमीला हेपटायटिस सी हा यकृताचा आजार झाला होता, निरोपाचा दौरा काढावा लागला, ४ डिसेंबरला टेनेसीतल्याच मर्फ्रीसबरोला शेवटचा कार्यक्रम झाला. आई आता देशभर प्रसिद्ध होती आणि लेक एकटी. १९९२ मध्ये वायनोनाचा पहिला स्वतंत्र अल्बम आला, तो अमेरिकेत लाखांनी खपला. आईच्या नावावर लोक एकदा ऐकायला येतात. पुन्हा पुन्हा येतात ते गळ्यासाठी.

मला सगळ्यात भावतं ते दोघींच्या गाण्यातलं नातं. मुख्य आवाज लेकीचा, आई जोडीचा सूर धरणार. आपल्याकडे हे उलटं. किशोरीताई आमोणकर आई मोगूबाई कुर्डीकरांच्या मागे तानपुरा घेऊन बसत, आणि ते योग्यच होतं, शिकायची आपली रीतच ती. पण आई हयात असताना, जोरात गात असताना तिने लेकीला पुढे करून स्वतः साथीला राहायचं, एवढं मोठं मन आपल्या मंचावर मी फारसं पाहिलेलं नाही. आणि त्या किशोरीताईंना आज कोणी आईच्या वशिल्याची म्हणेल का?

इथे कोणी असं विचारतही नाही. लूविन बंधू, एव्हर्ली बंधू, कार्टर कुटुंब... एका घरातले आवाज एकत्र आले की श्वास एकाच जागी तुटतो, शब्दांतले आकार-इकार सारखेच उघडतात, आणि लोक त्यासाठीच तिकीट काढतात.

त्याची किंमतही घरानेच मोजायची असते. या मायलेकींचे खटके जगजाहीर होते. बसमध्ये, मंचामागे, घरी, सगळीकडे तीच दोघं माणसं. ३० एप्रिल २०२२ला, दीर्घ मानसिक आजारानंतर, नेओमी गेली. दुसऱ्याच दिवशी कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे कंट्री कलावंतांच्या मानाच्या यादीत, दोघींचा समावेश व्हायचा होता. वायनोना आणि धाकटी अ‍ॅशली तिथे उभ्या राहिल्या. ठरलेला दौराही वायनोनाने केला, आईच्या जागी पाहुण्या गायिकांना घेऊन. आयतं मिळालं म्हणणाऱ्यांनी ही संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी.

मी एवढी तापते, त्याचं कारण दिवाळी पहाट नाही, हे मला कळतं. आमच्या बाबांचं भजनी मंडळ होतं. मी मागे टाळ धरून बसायची. मग लग्न, टेनेसी. बाबांची पेटी दादाकडे राहिली, आणि गाण्याबद्दल काही बोलले की तो म्हणतो, "तू तिकडे, तुला इथलं काय?" माझी मुलगी इथल्या शाळेच्या कॉयरमध्ये वाढली. मी अभंग म्हणायला लागले की ती आपसूक वरचा गंधार जोडते. फोनवर ते ऐकून दादा म्हणाला, "हे आपलं नाही." मला ते फार लागलं. कारण माझ्याही कानाला तो दुसरा सूर पहिल्यांदा खटकतो. आपला अभंग एका सुरातच ऐकत मी मोठी झाले. तरी ती गाताना तिच्या आवाजात बाबांचा जडपणा आहे, अगदी तोच, आणि तो मिरजेत कोणाच्या गळ्यात उरलेला नाही.

डिसेंबरात आम्ही मिरजेला येतोय. मंडळात तिला एक अभंग म्हणायचाय. ती पुढे बसेल, मी मागे. कोणाला मामाच्या ओळखीने बसली म्हणायचं असेल तर म्हणू दे. दादा, पेटी तूच धर. तिची पट्टी काळी चार आहे.