भूर्ज, बेर्योझा आणि आत्याचा फॉरवर्ड

आत्याने घरच्या ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड असा: रशियन भाषेत भूर्जवृक्षाला 'बेर्योझा' म्हणतात, हा शब्द संस्कृत 'भूर्ज'वरून आला, म्हणजे रशियनांचे पूर्वज भारतातून गेले, जाताना बिया नेल्या, म्हणून तिकडे भूर्जाची जंगलं, आणि नोवगोरोद या जुन्या रशियन शहरात सापडलेली भूर्जपत्रं संस्कृतात आहेत, पण हे जगापासून लपवलंय. एरवी सोडून दिलं असतं. पण भाचा हे शाळेतल्या भाषणात घालणार आहे.

साम्य खरं आहे, तेवढं नाइलाजाने मान्य. योगायोगही नाही. पण हे शब्द एकमेकांचे चुलत भाऊ आहेत, बाप-लेक नव्हेत. पोलिश 'ब्झोझा', सर्बियन 'ब्रेझा', लिथुआनियन 'बेर्झास', जर्मन 'बिर्के' ही सगळी त्याच घरातली. संस्कृतात 'ज' येतो तिथे स्लाव्ह भाषांत 'झ' आणि जर्मनमध्ये 'क' येतो, हे ठरलेलं आहे: संस्कृत 'ज्ञा', रशियन 'झ्नात', जर्मन 'केनेन'. 'भूर्ज'मधल्या 'ज'चा 'बिर्के'तला 'क' कसा होणार? मूळ ध्वनी 'ग'च्या जवळचा होता, तो प्रत्येकाकडे वेगळा वळला. माक्स फास्मरचा रशियन व्युत्पत्तिकोश (1950-58) काढून बघा. 'बेर्योझा'च्या नोंदीत 'भूर्ज' आहे, पण लिथुआनियन आणि जुन्या जर्मन शब्दांच्या पंगतीत. उगम म्हणून नाही. उसना शब्द असला की फास्मर तसं सांगतो. बीच या झाडाचं रशियन नाव 'बूक' हे जर्मन कुळातून घेतलेलं आहे, तिथे 'क' तसाच राहिलाय.

आता नोवगोरोद. इथे तर हद्दच झाली. पहिलं पत्र 26 जुलै 1951 रोजी पुरातत्त्वज्ञ अर्त्सिखोव्स्की यांच्या उत्खननात निघालं. आज अकराशेहून जास्त आहेत. भाषा बहुतेक नोवगोरोदची जुनी बोली, लिपी सिरिलिक. काश्मिरी पोथ्यांसारखी शाई जवळजवळ नाहीच. सालीच्या आतल्या बाजूला टोकदार सळईने कोरलेली अक्षरं. मजकूर काय, तर उधारी, मालाची मागणी, घरगुती कटकटी. तेराव्या शतकातल्या ओन्फिम नावाच्या पोराने मुळाक्षरं गिरवता गिरवता घोड्यावर बसून शत्रूला भाला खुपसणारा वीर काढला आणि शेजारी स्वतःचं नाव लिहिलं. यात वेद कुठे दिसले, आत्या?

आणि लपवालपवी म्हणाल, तर 292 क्रमांकाचं पत्र फिनिश कुळातल्या भाषेत आहे. परकी भाषा निघाली म्हणून कुणी ते पुरून टाकलं नाही. उलट त्या कुळातला सर्वांत जुना ज्ञात मजकूर म्हणून ते गाजलं.

बियांचं काय बोलायचं! भूर्जाचं बी वाऱ्यावर उडतं, त्याला न्यायला माणूस लागत नाही. शिवाय आपल्या हिमालयातला भूर्ज म्हणजे बेटुला युटिलिस. रशियाची ती प्रसिद्ध पांढरी जंगलं मुख्यतः बेटुला पेंड्युला आणि बेटुला प्युबेसन्सची. बिया इथून गेल्या असत्या, तर तिकडे इथलीच जात उगवली नसती का?