धोंड्याची होडी

धोंड्याच्या महिन्यात जावयाला काय द्यायचं याचे नियम ठरलेले आहेत. ऐपत असली तर चांदीचं ताट, नसली तर तांब्या-भांडं, आणि काहीच नसलं तरी 33 अनारसे व वर दिवा. 2023 साली अधिक श्रावण आला तेव्हा माझ्या साडूला चांदीची वाटी मिळाली. मला होडी मिळाली. अनारसे तिच्यातच ठेवून वर केळीचं पान झाकलं होतं. कसारा घाटातल्या पावसात त्यांचं जे व्हायचं ते झालं.

आमचे अण्णा, म्हणजे सासरे, रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे. मोठी नौका त्यांनी विकून टाकली, कारण मुलगे पुण्यात संगणकापुढे बसतात. पण ही लहानगी होडी त्यांना विकवेना. बिनइंजिनाची, दोन वल्ह्यांची, दोन माणसं नि एक जाळं मावेल एवढी. "जावईबापू, तुमच्याकडे तर दारातच गंगा," असं म्हणून त्यांनी ती टेम्पोत चढवली. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात एवढं त्यांना ठाऊक होतं. त्या गंगेत होडी घालायची तर कुणाला विचारायचं, हे नाशकातही कुणाला ठाऊक नाही, एवढं मात्र ठाऊक नव्हतं.

टेम्पो रात्री आला, त्यामुळे होडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरली. सकाळी सेक्रेटरी वर आले.

"हे काय आहे?"

"होडी."

"ते दिसतंय हो. नियमावलीत दुचाकी आहे, चारचाकी आहे. हिला चाकं किती?"

"एकही नाही."

"मग पार्किंग चार्ज कसा लावायचा?"

मी म्हटलं, दुचाकीला शंभर आणि चारचाकीला दोनशे घेता, म्हणजे चाकाला पन्नास पडले. त्या दराने हिचं जे होईल ते मी आत्ताच्या आत्ता भरतो. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना हिशेब पटत चालला होता. पण दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खाली वाकून होडीत पाहिलं आणि "डेंग्यू!" एवढाच शब्द उच्चारला. रात्रभर पाऊस झाला होता. जिने जन्मभर पाणी बाहेर ठेवलं ती होडी काठोकाठ भरलेली होती. डेंग्यूपुढे कुणाचंच काही चालत नाही.

अण्णा वाणापुरते आले होते ते होडीची सोय लागेपर्यंत राहिले. त्यांना प्रश्नच कळेना. त्यांच्या अख्ख्या आयुष्यात होडी कुठे बांधायची हा प्रश्न कधी पडला नव्हता. तिकडे 720 किलोमीटरचा म्हणून आपण शाळेत शिकलो तो किनारा, त्यावर 48 छोटी बंदरं, त्या सगळ्यांवर 1996 च्या कायद्यातून आलेलं मेरीटाइम बोर्ड. धक्का ठरलेला, नांगर टाकायची जागा ठरलेली, नि पावती फाडणारा माणूसही ठरलेला. त्या माणसाला अण्णांनी आयुष्यभर शिव्या घातल्या. नाशकात आल्यावर त्याची आठवण काढून ते हळवे झाले. "निदान शिव्या कुणाला घालायच्या ते तरी माहीत होतं," म्हणाले.

मग त्यांनी भरती-ओहोटीचं कोष्टक मागितलं. मी त्यांना गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीपाशी घेऊन गेलो. म्हटलं, हेच आमचं कोष्टक. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की आम्ही बघायला येतो, कमरेला लागलं की फोटो काढतो, छातीला लागलं की सराफ बाजारातले लोक दुकानातला माल वरच्या माळ्यावर चढवतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये मारुती पुरता बुडाला होता. अण्णांनी मारुतीला नमस्कार केला, भोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ओहोटी कधी लागते?"

"धरणाचे दरवाजे बंद केले की."

"म्हणजे चंद्राचा काही संबंध नाही?"

नाही म्हटलं. कार्यकारी अभियंत्याचा असतो. अण्णा गप्प झाले. भांगाची भरती, उधाणाची भरती हे सगळं तिथीवरून तोंडपाठ असलेल्या माणसाला क्युसेक पचायला जड जातं. घाटावर होडी ठेवायचा विचार तिथेच संपला, आणि नजर धरणाकडे वळली. धरण नाशिकजवळचंच. नाव सांगत नाही, तिथल्या चौकीदाराशी माझे संबंध अजून चांगले आहेत.

कार्यालयात जाण्याआधी कायदा वाचून जावा असं मला वाटलं. (असं वाटू नये. कायदा वाचून आलेला माणूस खिडकीपलीकडून लगेच ओळखू येतो आणि त्याला हमखास उद्या बोलावतात.) 1949 च्या ज्या कायद्यावर मुंबई सोडून राज्यातल्या महापालिका चालतात, त्याच्या 127 व्या कलमात महापालिकेने लावायचे कर दिले आहेत. पहिला मालमत्ता कर. त्याच्या पाठोपाठ वाहनं, नौका आणि प्राणी यांच्यावरचा कर. नौका मधोमध, एका बाजूला ट्रक आणि दुसऱ्या बाजूला म्हैस. मला भरून आलं. 1949 साली कुणीतरी आमच्या होडीचा विचार करून ठेवला होता! पण धरण महापालिकेच्या हद्दीबाहेर, त्यामुळे तो विचार हद्दीतच राहिला.

मग केंद्राचा 2021 चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा. 1917 चा जुना जाऊन हा आला. इंजिनाची बोट असली की नोंदणी, सर्वेक्षण, विमा, चालवणाऱ्याचा दाखला, सगळं साग्रसंगीत. बिनइंजिनाच्या होड्यांना मात्र वेगळं प्रकरण दिलंय, आणि त्यांची नोंद ठेवायचं काम जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत अशा स्थानिक संस्थांवर सोपवायची वाट राज्यांना करून दिली आहे. म्हणजे आमचं प्रकरण ग्रामपंचायतीचं. अर्ज टाइप करून घेतला नि धरणाकाठच्या गावी गेलो.

ग्रामसेवक भाऊसाहेब माणूस सज्जन. त्यांनी आधी सवयीने विचारलं, "घरपट्टी भरली का?"

"माझं घर इथे नाही."

"मग पाणीपट्टी?"

"होडीचं काम आहे."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "होडी पाण्यात राहणार?"

"हो."

"मग पाणीपट्टी लागेल का हो?" हा प्रश्न त्यांनी मला नाही, शेजारच्या शिपायाला विचारला. शिपाई म्हणाला, नळ किती इंची आहे त्यावर.

शेवटी भाऊसाहेबांनी 1958 चा ग्रामपंचायत कायदा काढला आणि 124 व्या कलमातली यादी बोट ठेवत वाचली. आठवडे बाजाराची फी. गाडीतळाची फी. टांगातळाची फी. गुरं चारायची फी. होडी कुठेच नव्हती. तरी माणूस मार्ग काढणारा. "टांग्यात बसवू का?" म्हणाले. "गावात टांगा येऊन जमाना झाला. हेड रिकामंच पडलंय." मी लगेच तयार झालो, खिशात हातसुद्धा घातला. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की गावाची हद्द धरणाच्या संपादनाच्या दगडापाशी संपते आणि होडी दगडापलीकडे राहणार. त्यांनी कायदा मिटला. लोक म्हणतात सरकारी माणूस पैसे खातो. मी पैसे हातात घेऊन उभा होतो आणि ते घ्यायला सरकारकडे रकाना नव्हता.

धरणाच्या ऑफिसात टेबलं होती ती सिंचन, बिगरसिंचन आणि मासेमारी यांची. सिंचनवाल्यांनी बिगरसिंचनाकडे बोट दाखवलं. बिगरसिंचन म्हणजे पिण्याचं पाणी नि कारखाने. त्यांनी विचारलं, होडी रोज किती लिटर घेते? आत यायला लागलं तर बरंच घेते, असं मी सांगितल्यावर त्यांनी मला मासेमारीकडे पाठवलं. तिथल्या मॅडम कामसू होत्या, अर्ज त्यांनी खरोखर वाचला.

"मासे धरणार?"

"नाही."

"मग माणसं नेणार? भाडं घेणार?"

"नाही हो."

"मग होडी कशाला?"

"नुसतं बसायला."

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग अर्जावर, प्रयोजनाच्या रकान्यात, स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'बसणे'. त्या एका शब्दावर पुढे फार दिवस शेरे येत राहिले. एका साहेबांनी विचारलं, किती व्यक्ती? दुसऱ्यांनी विचारलं, किती वेळ? तिसऱ्यांनी नुसतंच 'चर्चा करावी' लिहिलं. कुणी कुणाशी केली ते फायलीत नाही.

फाईल फिरत होती तोवर दिवाळी आली नि सोसायटीने हात जोडले. चौकीदार म्हणाला, "आणून ठेवा भो काठावर. पाण्यात नाही ना घालत? मग काय! परवानगी येईल तवा येईल." त्यासाठी अण्णा पुन्हा कोकणातून आले. पाण्याच्या कडेला एक बाभूळ होती. अण्णा गुडघ्यावर बसले, निळ्या नायलॉनच्या दोराने खोडाला दुहेरी वेढा घातला, गाठ मारली, ओढून पाहिली, मग पुन्हा सोडली आणि हातभर दोर मोकळा ठेवून नव्याने बांधली. चौकीदाराने विचारलं, "बाबा, येवढी ढील कशाला?" अण्णा म्हणाले, "भरतीला होडी वर येते." चौकीदाराने माझ्याकडे पाहिलं. मी बाभळीकडे पाहिलं.

"आन् जायकवाडीला पाणी सोडलं, त्याच्यासंगं होडी पैठणला गेली तर आपण जबाबदार नाय," एवढं चौकीदाराने सांगून ठेवलं. 2005 च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटप आलं तेव्हापासून दिवाळीच्या सुमाराला नाशिककरांचं धरणातल्या पाण्याकडे बघणं बदललंय. सासरी निघालेल्या मुलीकडे बघावं तसं बघतात.

होडी पैठणला गेली नाही. पाणी गेलं. म्हणजे सगळं जायकवाडीलाच गेलं असं नाही. थोडं कालव्याला, थोडं नळाला, थोडं उन्हाला. कोकणातला किनारा सहा तासांनी का होईना, परत जागेवर येतो. धरणाचा किनारा दिवाळीनंतर चालायला लागला की पावसाळ्यापर्यंत मागे वळून बघत नाही. शिमग्याला मी जाऊन पाहिलं तर बाभूळ होती, निळा दोर होता, होडी होती, आणि पाणी लांब कुठेतरी चकाकत होतं. मधल्या सगळ्या जमिनीत कलिंगडं.

ही गाळपेर. पाणी ओसरलं की उघडी पडणारी धरणाच्या पोटातली जमीन हंगामापुरती कसायला देतात. ज्यांच्या वाट्याला ती आली होती ते आबा होडीच्या काठावर पाय सोडून भाकरी खात होते. होडीत खताची गोणी, फवारणीचा पंप, एक घोंगडी. कलिंगडाचा एक वेल वल्ह्याच्या कडीतून आत शिरून पलीकडून बाहेर पडला होता.

"ही तुमची का?" आबांनी विचारलं. "दोन सऱ्या अडवल्या हिने माझ्या."

मी माफी मागून म्हटलं, काय भरपाई असेल ती सांगा. आबांनी आभाळाकडे बघत हिशेब केला: एका सरीला कलिंगडं इतकी, त्यांचा मार्केटचा भाव इतका, त्यातून होडीत सामान ठेवलं त्याचं भाडं वजा. निघालेला आकडा मी तिथेच दिला. इतक्या महिन्यांत होडी ठेवायचा दर स्पष्ट शब्दांत सांगणारा आणि पैसे घेणारा हा पहिला माणूस. पावती मागितल्यावर म्हणाले, "पावती कशाला, ध्यानात हाये माझ्या." वर एक कलिंगड दिलं.

आणि मग पत्र आलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' वगैरे झाल्यावर मुद्दा असा, की आपली नौका जलाशयातील पाण्याशी तसेच संपादित क्षेत्राशी कोणताही संपर्क येणार नाही अशा रीतीने ठेवण्यास या कार्यालयाची हरकत नाही. जागेच्या भाड्याबाबत संबंधित ग्रामपंचायतीकडे विचारणा करावी. मी अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. ते पलीकडे खूप वेळ हसले. कोकणात जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा नौका ओढून वर घेतात, झापांनी शाकारतात. "तुमच्याकडे बारमाही शाकारणी म्हणायची," ते म्हणाले.

होडी आता दगडाच्या अलीकडे, गावाच्या बाजारपटांगणात, चिंचेखाली आहे. मंगळवारी बाजार भरतो तेव्हा एक बाई तिच्यात कांदे मांडतात. भाडं भरायला गेलो तर भाऊसाहेब खूष. होडी हद्दीत आली होती. त्यांनी आठवडे बाजाराचं जुनं पावतीपुस्तक काढलं, कार्बन सारखा केला. छापील मजकूर असा: 'गाडी / टांगा / जनावर. लागू नसेल ते खोडावे.' भाऊसाहेबांनी आधी टांगा खोडला. त्याबद्दल मागे जरा घोळ झाला होता. मग गाडीपाशी थांबले.

"चाकं आहेत का हो?"

"नाहीत."

त्यांनी गाडी खोडली, नग एक असं लिहिलं, शिक्का मारला आणि पावती माझ्याकडे सरकवली.

"चारा-पाणी मालकाने बघायचं. इथं सही करा."

मी सही केली.