गल्लीत गाडी लावा, पण गल्लीत गाडी साठवू नका

बेळगावात पार्किंगचा विषय निघाला की सगळ्यांचा राग पहिल्यांदा पिकअपवाल्यांवर निघतो, आणि हे मला अजिबात पटत नाही. परवा आमच्या गल्लीच्या पंचांच्या मीटिंगमध्ये पण तेच झालं. पिवळ्या नंबर प्लेटची, म्हणजे धंद्याची, एकपण गाडी रात्री गल्लीत उभी राहायला नको, असा ठराव करून महापालिकेला द्यायचा म्हणून चारपाच जण तयारीनेच आले होते. मी विरोध केला, थोडा आवाज पण चढला, तेव्हा तिथं जे नीट मांडता आलं नाही ते इथं लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

आधी हे मान्य करूया की त्रास खरा आहे. शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ, इथल्या जुन्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाने झालेल्या. दोन्ही बाजूला गाड्या लागल्या की मधून रिक्षा जाते ती पण आरसा मिटून. मागच्या पावसाळ्यात आमच्या मागच्या घरातल्या काकूंना रात्री छातीत दुखायला लागलं, ॲम्ब्युलन्स आली पण वळणावर एक सहाचाकी उभी होती त्यामुळं आत येईना, ड्रायव्हर कुठं राहतो कुणाला माहीत नाही, शेवटी पोरांनी काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पावसातनं कोपऱ्यापर्यंत उचलून नेलं. काकू वाचल्या. पण त्या रात्री आग लागली असती तर अग्निशमनचा बंब कुठनं आला असता, हा विचार माझ्या डोक्यातनं जात नाही.

शिवाय गटारीवरच्या फरश्या बघा. त्या माणसांच्या आणि स्कूटरच्या वजनासाठी टाकलेल्या, त्यावर माल भरलेल्या गाडीचं मागचं चाक चढलं की मधोमध चिरते, एक तुकडा आत पडतो, मग कचरा अडकतो, पाणी तुंबतं, डास होतात, आणि फरशी नवीन घाला म्हणून नगरसेवकाच्या मागे आपणच फिरायचं. आईस्क्रीमची किंवा दुधाची फ्रीजवाली गाडी असेल तर तिची मशीन रात्रभर घरघरते. ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. खिडकीखाली डिझेल गाडी रेस करत ठेवली तर ही मर्यादा पाळली जाणं शक्यच नाही.

हे सगळं खरं असूनही मी त्या ठरावाच्या विरोधात का बोललो ते सांगतो.

आपल्या भागातल्या कितीतरी पोरांचं पोट भाजीच्या गाडीवर आहे. संध्याकाळी मार्केटात माल भरायचा, रात्री चोर्ला घाटातनं उतरून गोव्यात पहाटे पोचवायचा, दुपारी येऊन झोपायचं आणि संध्याकाळी परत तेच. वडगाव खासबागला मागावरच्या साड्या आणि सुताची पोती नेणारे छोटा हत्तीवाले (छोट्या मालगाडीवाले) आहेत, उद्यमबागच्या कारखान्यांना कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचे भाग, पोचवणारे आहेत. गाडी बँकेची, हप्ता महिन्याचा, आणि गाडी हेच दुकान. त्यांना "यार्डात लाव की" सांगणं सोपं आहे. आमच्या शेजारच्या पोराला मी विचारलं तर तो मला गाडीकडं घेऊन गेला. बॅटरीच्या पेटीला साखळी आणि कुलूप, स्टेपनीला दुसरं कुलूप, डिझेल टाकीच्या झाकणाला तिसरं. म्हणाला, "मामा, घरासमोर लावून एवढी कुलपं घालतोय, तिकडं उघड्यावर लावली तर सकाळी ताडपत्री पण राहायची नाही. काय करूचं सांगा की." मला उत्तर देता आलं नाही.

ही गाडी रोज हलते. माणूस आपल्या गल्लीतला आहे, हाक मारली की बनियनवर येऊन गाडी काढतो. माझा राग दुसऱ्या गाड्यांवर आहे, ज्या हलतच नाहीत.

आमच्या मागच्या बोळात एक टेम्पो ट्रॅव्हलर उभी आहे. चारी टायर बसलेत, वायपरच्या फटीत पिंपळाचं रोप आलंय, दारावरचं ट्रॅव्हल्सचं नाव उन्हानं उडालंय. पोरं क्रिकेट खेळताना बॉल खाली गेला तर काठीने काढतात कारण आत काय असेल सांगता येत नाही. मालक इथं राहतच नाही. तो राहतो चांगल्या रुंद रस्त्याच्या लेआउटमध्ये, तिथं शेजारी त्याला असली गाडी लावू देत नाहीत म्हणून ती आमच्याकडं आणून ठेवलीये. असे किती सांगू? सुट्टीत स्कूल बस, पावसाळ्यात टूरच्या बसेस, सेकंडहँड गाड्या विकणाऱ्यांचा अख्खा स्टॉक, गॅरेजवाल्यांकडच्या इन्शुरन्सची वाट बघणाऱ्या ॲक्सिडेंटच्या गाड्या, आणि वर्षातनं दोनदा दांडेलीला जायला घेतलेली मोठी जीप जी बाकीचे दिवस कव्हर घालून दुसऱ्याच्या भिंतीला लागून असते. निपाणी चिकोडीकडं तर उसाचा सीझन संपला की ट्रॉल्या रस्त्याकडेलाच सोडतात, कित्येकांना मागे साधा रिफ्लेक्टर पण नसतो. अंधारात बाईकवाल्याला त्या दिसायच्या कशा?

आता कायदा काय म्हणतो ते बघा, कारण मीटिंगमध्ये "असला कायदाच नाही" असं एकजण ठासून सांगत होते. मोटर वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम १२२ मध्ये दुसऱ्याला धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सार्वजनिक जागी सोडायची नाही असं आहे. कलम १२७ प्रमाणे १० तास किंवा जास्त वेळ गाडी सार्वजनिक जागी बेवारस सोडली तर पोलीस ती उचलून नेऊ शकतात आणि खर्च मालकाचा. कलम २०१ मध्ये वाहतुकीला अडथळा केला तर ५०० रुपयांपर्यंत दंड. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम ७७, मालवाहतुकीच्या परमिटचा अर्ज करतानाच गाडी कुठं ठेवणार आणि दुरुस्तीची सोय काय हे लिहून द्यायला लागतं. रूटवर चालणाऱ्या बसच्या परमिटला पण कलम ७० मध्ये हेच आहे. म्हणजे प्रश्न विचारलेला आहे, उत्तर पण कागदावर आहे, फक्त ती जागा खरंच आहे का हे बघायला कोणी जात नाही. उलट ज्या मालगाडीचं मालासकट एकूण वजन ३००० किलोच्या वर जात नाही तिला परमिटच लागत नाही. छोट्या गाडीवाल्याला कायदा सुद्धा वेगळा धरतो, मग आपण गल्लीवाले त्याला ट्रकच्या आणि बसच्या रांगेत का उभा करायचा?

जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे, गाडी ठेवायला जागा आहे असा दाखला दिल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, आणि ती जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत लागते. आपल्याकडं लगेच तसं होणार नाही हे मलाही कळतं. पण निदान बस आणि मोठ्या ट्रकच्या बाबतीत तरी दाखवलेली जागा तपासायला काय हरकत आहे? महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण केलं, त्यात कॅराव्हॅन उभ्या करायच्या पार्कचा पण विचार आहे. आपलं शहर गोव्याच्या वाटेवर, झोपायची सोय असलेल्या असल्या गाड्या आता इथंही दिसायला लागल्यात. उद्या हौसेनं घेणारे वाढतील आणि वर्षातले बहुतेक महिने ती गाडी कुठंतरी उभीच राहणार. ती कुठं ठेवायची हे आत्ता ठरवलं नाही तर ती पण कुणाच्यातरी बोळातच येणार.

मीटिंगमध्ये अजून एक मुद्दा निघाला जो मला फार खटकला. एमएच ०९ पासिंगच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या कोल्हापूरच्या नंबरच्या, गाड्या आधी काढा म्हणे. अरे, चंदगड गडहिंग्लजची पोरं इथं कामाला आहेत, आपल्या बहिणी कोल्हापूर सांगलीत दिलेल्या आहेत, पाहुणे येणारच. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांच्या वर इथं ठेवली तर इथला नंबर घ्यायला लागतो, तो नियम आहे आणि तो आरटीओनं बघावा. गल्लीनं पासिंग बघून गाडी काढायला लावायची नाही. सीमाभागातल्या माणसाला नंबर प्लेटवरनं कसं वागवतात हे आपल्याला दुसऱ्यांनी सांगायची गरज नाही, ते आपण दुसऱ्याला करू नये एवढंच मला वाटतं.

जबाबदारी कुणाची म्हणाल तर तीच तर पंचाईत आहे. पालिकेकडं गेलं की ट्रॅफिक पोलिसांकडं जा, तिथं गेलं की आरटीओकडं, कॅम्पात तर कॅन्टोन्मेंट बोर्ड वेगळं, आणि मच्छे कंग्राळीकडं गेलं की हद्दच बदलते. स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत २०१६ ला आपलं नाव आलं तेव्हा केवढा आनंद झाला होता. रस्ते झाले, दिवे लागले, पण रात्री मालाची गाडी सुरक्षित लावता येईल अशी जागा कुठल्या गल्लीवाल्याच्या जवळ झाली? बापट गल्लीचं पार्किंग कारसाठी आहे, बाजाराला आलेल्यांसाठी आहे, तिथं पिकअपवाला रात्री काय करणार?

म्हणून मी ठरावाचा दुसरा मसुदा लिहून पंचांकडं दिलाय. पालिकेनं शहराच्या चार बाजूला आपल्या मोकळ्या जागेत रात्रीची यार्डं करावीत, कंपाउंड, दिवा, कॅमेरा आणि वॉचमन असलेली, आणि पास एका गाडीवर पोट असलेल्या माणसाला परवडेल असा. यार्ड चालू झाल्यावरच सहाचाकी आणि मोठ्या गाड्यांना गल्लीत रात्रीची बंदी, त्याआधी नाही. जी गाडी बसल्या टायरची आहे, तिच्यावर आधी नोटीस आणि मग क्रेन, मालक कितीही मोठा असो, आणि हे काम उद्यापासून पण करता येतं कारण त्याला नवीन नियम लागत नाही. नोटीस आणि बोर्ड कन्नडबरोबर मराठीत पण पाहिजेत, नाहीतर म्हातारी माणसं ती वाचणार कशी? आणि प्रत्येक गल्लीत वळणाची जागा पिवळा पट्टा मारून कायम रिकामी ठेवायची, तिथं माझी स्कूटर असली तरी उचला.

पहिला ठराव पास झाला तर सकाळी पिकअपवाली पोरं दंड भरत बसतील आणि बोळातली ती ट्रॅव्हलर तिथंच राहील, कारण तिच्या मालकाला ओळखी आहेत. रविवारी सकाळी १० वाजता मंदिरात परत मीटिंग आहे. मसुदा पंचांकडं ठेवलाय, आधी वाचा, काही सुचत असेल तर त्यावरच पेनानं लिहा, आणि पटलं तर सही करा. भाडेकरूंनी पण यावं. गाडीवाल्या पोरांनो, तुम्ही तर नक्की या, झोप मोडली तरी चालेल, तुमच्याबद्दलचा निर्णय तुमच्या पाठीमागं व्हायला नको.